तबकडीवरचा गोदेचा डाग

आमच्या सायखेड्याच्या घरी एक मनगटी घड्याळ आहे. पोलादी केस, मुळात पांढरी पण आता सायीच्या रंगाची झालेली तबकडी, बाराच्या आकड्याखाली डमरूसारखी खूण आणि त्याखाली रोमन अक्षरांत कंपनीचे नाव. आजोबा त्याला ‘फेवरलुबा’ म्हणत, गावही तेच म्हणे. तबकडीवर पाचाच्या आकड्याजवळ चहाच्या रंगाचा एक डाग आहे. सप्टेंबर 1969 मध्ये गोदावरीला महापूर आला, तेव्हा घड्याळ फडताळात होते आणि फडताळ पाण्यात. पूर ओसरल्यावर गाळातून ट्रंका, भांडी, पोथ्या काढल्या, त्यात हेही निघाले. आजोबांनी ते महिन्याभराने नाशिकला नेले, उघडून धुऊन घेतले आणि पुढे सत्तावीस वर्षे मनगटावर बांधले. डाग मात्र राहिला.

काही वर्षांपूर्वी मी ते मुंबईत एका दुकानात दाखवायला नेले. दुकानदाराने काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “तबकडी नवी करून देतो, आठ दिवसांत कोरे दिसेल.” मी घड्याळ परत खिशात ठेवले. त्या दिवसापासून या कंपनीचा मागोवा घेत आलो आहे. आमच्यासारख्या रेल्वेही न शिवलेल्या गावात हे स्विस घड्याळ का आले आणि आज जगभरचे संग्राहक नेमके याच जातीच्या घड्याळांसाठी मुंबईच्या चोरबाजारात का येतात, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच निघाले. म्हणून ही हकीकत सांगतो.

ती सुरू होते स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात, ल लॉक्ल नावाच्या गावी. तेथे 1737 च्या एका अधिकृत कागदात आब्राम फाव्र या घड्याळजीची नोंद सापडते आणि कंपनी आपला जन्म तेव्हापासून धरते. आपल्याकडे त्याच वर्षी चिमाजीअप्पा साष्टीत उतरले होते आणि वसईची मोहीम उभी राहत होती. ज्युरातला हिवाळा लांब. बर्फ पडले की शेते गाडली जात आणि शेतकरी घरात अडकून पडे. या रिकाम्या महिन्यांत खिडकीशी बाक टाकून घरोघर घड्याळाचे सुटे भाग बनू लागले. एका घरी चाके, दुसऱ्या घरी स्प्रिंग, तिसऱ्या घरी काटे. वसंतात व्यापारी ते भाग गोळा करी आणि जुळवणारा ते जुळवी. जगाला वेळ दाखवणारा हा धंदा शेतकऱ्यांच्या मोकळ्या हातांतून उभा राहिला, हे मला फार मोलाचे वाटते. द्राक्षाची छाटणी आणि कांद्याची लागण यांच्या मधल्या दिवसांत आमच्याकडचे हात काय काय करतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ल लॉक्ल परके वाटणार नाही. हे गाव आणि शेजारचे ला शो-द-फों ही दोन्ही घड्याळांसाठी वसलेली गावे म्हणून 2009 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाव्र घराण्याची ल्युबा या घड्याळ व्यापाऱ्यांशी भागीदारी झाली. 1855 मध्ये फ्रिट्झ फाव्र आणि आदेल-फानी ल्युबा यांचे लग्न होऊन दोन्ही घरे नात्यानेही जोडली गेली. हा फ्रिट्झ फाव्र 1865 मध्ये हिंदुस्थानात आला. सुएझ कालवा अजून चार वर्षे दूर होता, त्यामुळे मुंबईचा प्रवास सोपा नव्हता.

ते 1865 साल कसले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून चार वर्षे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैशाचा पूर होता. बँका निघत होत्या, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघत होत्या आणि त्यांच्या शेअरांवर सारे शहर खेळत होते. एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि 1 जुलै 1865 ला शेअरबाजार बसला. प्रेमचंद रायचंदांसारखा सटोडियांचा राजाही त्यात बुडाला. पण त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, 1 जानेवारीला, थळघाटातून कसारा-इगतपुरी लोहमार्ग सुरू झाला होता. मुंबईहून निघालेली गाडी सह्याद्री चढून आमच्या नाशिकच्या पठारावर येऊ लागली होती. कापसाचा पैसा आला तसा गेला. रेल्वे मात्र राहिली आणि रेल्वेबरोबर मिनिट आले.

त्याआधी आमच्या गावांना मिनिट लागत नव्हते. घटका लागत असे. तांब्याचे बारीक भोक पाडलेले घटिकापात्र पाण्याच्या घंगाळात सोडायचे, ते भरून बुडले की एक घटका झाली. म्हणजे 24 मिनिटे. दिवसरात्रीच्या साठ घटका. लग्नाचा मुहूर्त याच वाटीवर ठरे आणि भटजी तिच्याकडे डोळे लावून बसत. आजही आपण ज्याला घड्याळ म्हणतो त्या शब्दात तीच घटी बसली आहे. या वाटीत एका घटकेचे तुकडे मोजायची सोय नव्हती, गरजही नव्हती. पण समोरून येणाऱ्या गाडीसाठी एकेरी मार्गावर दुसरी गाडी कोठे थांबवायची, हे ठरवायला मिनिटेच लागतात. गार्ड, स्टेशनमास्तर, तारबाबू, कचेरीतला शिरस्तेदार, गिरणीतला जॉबर अशी घड्याळावर चालणाऱ्या माणसांची एक नवी जात 1865 नंतर मुंबई इलाख्यात वाढत गेली. फाव्र-ल्युबाने, म्हणजे आमच्या ‘फेवरलुबा’ने, मुंबईत बस्तान बसवले ते या माणसांच्या भरवशावर. राजेमहाराजांना रत्नजडित घड्याळे विकणाऱ्या कंपन्या कमी नव्हत्या. ही कंपनी त्यांच्यापासून वेगळी पडली, ती पगारदार माणसाच्या खिशात शिरल्यामुळे.

पण वेळ कोणाची पाळायची? मुंबईची घड्याळे मुंबईच्या सूर्यावर चालत, रेल्वेची मद्रासच्या. 1878 मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला. त्यासाठी प्रेमचंद रायचंदांनी बाजार बसण्यापूर्वीच दोन लाख रुपये दिले होते आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले होते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असलेल्या त्या अंध जैन माऊलीला वेळ कळावी म्हणून हे टोले, असे सांगतात. पुढे 1 जानेवारी 1906 पासून साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटांनी पुढे होती. मुंबईला ते मानवले नाही. कर्झनच्या काळातले सरकार सूर्यालाही हुकूम सोडते, असा लोकांचा राग होता. त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध निदर्शने केली. महापालिकेने आपल्या घड्याळांवर ‘बॉम्बे टाइम’ कायम ठेवला आणि तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. एका शहरात दोन वेळा चालत असताना ज्याच्या खिशात स्वतःचे घड्याळ होते, तोच निश्चिंत. घड्याळ विकणाऱ्यांना याहून चांगली पेठ कोणती मिळणार होती?

मुंबईच्या बाजारात या कंपनीला स्विस प्रतिस्पर्धीही होता. वेस्ट एंड वॉच कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-कलकत्त्यात जम बसवला आणि आपल्या घड्याळाला थेट आमच्या भाषेतले नाव दिले. सोवार, म्हणजे सवार, घोडेस्वार. ब्रिटिश हिंदी फौजेतल्या सैनिकांच्या मनगटावर ते दिसे. देवळाली कॅम्पामुळे नाशिककरांच्या नजरेला मनगटी घड्याळ मुंबईबाहेरच्या इतर गावांपेक्षा लवकर पडले असावे, असा माझा कयास आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत पुरुषाने घड्याळ खिशात ठेवायचे आणि मनगटावर बांधायचे ते बायकांनी, अशी युरोपातही समजूत होती. खंदकात साखळी ओढत बसायला सवड नसते, म्हणून शिपायांनी ते मनगटावर आणले.

इथे एक अवांतर. याच हिंदुस्थानी भूमीत आणखी एका प्रसिद्ध स्विस घड्याळाचे बीज पडले. पोलो खेळताना काचा फुटतात, अशी इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार सेझार द त्रे या व्यापाऱ्याने 1930 च्या सुमारास ऐकली. त्यातून केस उलटी करून काच लपवता येणारे जॅगर-लकुल्त्र कंपनीचे ‘रिव्हर्सो’ 1931 मध्ये जन्मले. गांधीजींचे कनवटीचे झेनिथही स्विसच होते. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, चपला, थाळी आणि वाटी यांच्यासह ते 18 लाख डॉलरला गेले. मौल्यवान घड्याळ म्हणजे सोने आणि हिरे, असे मानणाऱ्याने त्या लिलावाचा विचार करावा. ते घड्याळ चांदीचे होते, झिजलेले होते. किंमत आली ती कोणाच्या कमरेला होते त्याची.

फाव्र-ल्युबाचा खरा बहर 1950 आणि 60 च्या दशकांतला. हाताने चावी द्यायची, 17 ज्वेलची, पोलादी केसची ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ ही घड्याळे भारतात इतकी चालली की मराठी घरात ‘चांगले घड्याळ’ म्हटले की दुसरे नाव तोंडात येत नसे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून, मुलगा मॅट्रिक झाल्यावर, निवृत्तीच्या निरोपसमारंभात हेच घेतले जाई. आणि लग्नात. सायकल, अंगठी, रेडिओ आणि घड्याळ या यादीवर किती मांडव अडले, किती नवरदेव जेवणाच्या पंगतीत रुसले, हे आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. 1961 मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी घड्याळ ‘हौसेने दिलेले’ म्हणून जातच राहिले. आज ज्या जुन्या घड्याळांकडे आपण प्रेमाने पाहतो, त्यांतली कित्येक कोणा बापाने उक्त्यावर ऊस विकून किंवा सावकाराचे उंबरे झिजवून घेतलेली आहेत. हा इतिहास सांगताना तेवढे वगळणे मला अप्रामाणिक वाटेल. आमच्या आजोबांनी स्वतःचे घड्याळ 1964 मध्ये कांद्याच्या पैशातून मुंबईला जाऊन घेतले होते. ‘सासऱ्याचे नाही, माझे आहे,’ हे ते आयुष्यभर अभिमानाने सांगत.

याच काळात कंपनीचे कारागीर कौशल्याच्या टोकाला पोहोचले होते. 1962 मध्ये त्यांनी दोन मेन स्प्रिंगांचे यंत्र काढले. एकच मोठी स्प्रिंग सुरुवातीला जोर करते आणि उलगडत आली की दमते, त्यामुळे घड्याळ कधी पुढे तर कधी मागे जाते. दोघींनी मिळून ओझे उचलले की ओढ सारखी राहते. बैलगाडीला एकाऐवजी जोडी का जुंपतात, हे कळणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. एवढे करूनही यंत्राची जाडी 3 मिलिमीटरच्या आत. त्याच सुमारास आलेल्या ‘बिव्हुआक’ या घड्याळात हवेचा दाब मोजणारी इवलीशी डबी होती. डोंगर चढत गेले की दाब घटे, डबी फुगे आणि काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवी. 1975 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली स्त्री, जपानच्या जुन्को ताबेई, हिच्या हातावर तेच होते, असे कंपनीचा इतिहास सांगतो. 1968 च्या ‘बाथी’ने उलटी वाट धरली. ती पाणबुड्यांसाठी होती. तिच्या पाठीला भोके ठेवलेली. त्यातून पाणी आत येई, पातळ पडद्याला दाबे आणि किती खोल उतरलो ते काटा 50 मीटरपर्यंत सांगे. पुढच्याच वर्षी आजोबांच्या घड्याळात गोदामाई शिरली. ते पाणी आत घ्यायला बनवलेले नव्हते. तरी ते पुन्हा चालले, याचे मला आजही नवल वाटते.

उतार लवकर आला. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरात घड्याळे बनवायला घेतली होती. आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे परदेशी घड्याळे किनाऱ्यावरून चोरून उतरू लागली आणि सरळ दुकानातून पावती घेऊन घेतलेले स्विस घड्याळ दुर्मीळ झाले. मोठा घाव मात्र बाहेरून बसला. 25 डिसेंबर 1969 ला जपानच्या सायकोने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. चावी नको, महिन्याला काही सेकंदांचाच फरक आणि पुढे किंमतही कमी. 1970 मध्ये स्विस घड्याळधंद्यात सुमारे 90,000 माणसे होती. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच उरली. आठ पिढ्या चाललेली फाव्र-ल्युबा त्याच दशकात घराण्याच्या हातून गेली. मग ती या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिली. 2011 मध्ये टाटांच्या टायटनने ती घेतली. 2023 मध्ये भारतातल्याच इथॉस समूहाच्या सिल्व्हरसिटी ब्रँड्सकडे ती गेली आणि ऑगस्ट 2024 मध्ये जिनिव्हात नव्या घड्याळांसह पुन्हा उभी राहिली. फ्रिट्झ फाव्र मुंबईला आला त्याला दीडशेहून जास्त वर्षे लोटल्यावर त्याची पेढी इथल्या लोकांनी चालवायला घेतली आहे.

आता संग्राहकांकडे येतो. हे लोक मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर शुक्रवारी पहाटे बॅटरी घेऊन फिरतात, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार पथाऱ्या धुंडाळतात. त्यांना हव्या असलेल्या फाव्र-ल्युबाला सोन्याची केस नसते. ती लाखांनी बनली, त्यामुळे दुर्मीळपणाचा सोसही पुरा होत नाही. मग ओढ कशाची? यंत्राची आहे, निश्चित. पण मी ज्यांच्याशी बोललो, त्यांचे डोळे चमकतात ते घड्याळाची पाठ उघडल्यावर. पूर्वीचे घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्याने बारीक खूण आणि तारीख कोरत. घड्याळ पुन्हा आले तर आपणच केले होते का, कधी केले होते, हे कळावे म्हणून. आमच्या घड्याळात अशा पाच खुणा आहेत. पहिली 10-69. पुरानंतरची. बाकीच्या चार 1973 ते 1990 या वर्षांतल्या, दोन वेगवेगळ्या हातांच्या. एकाचे सात नेहमी मधोमध काट मारलेले. त्यांची नावे मला कधी कळणार नाहीत. पण डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, बॅलन्सच्या केसाएवढ्या स्प्रिंगेतून गोदेचा गाळ ज्याने काढला, त्याची सही माझ्यापाशी आहे.

म्हणूनच ‘मुंबई स्पेशल’चा मला राग येतो. परदेशातल्या संग्राहकांनी दिलेले हे नाव ऐकून मुंबईकराला वाईट वाटावे. चार मोडक्या घड्याळांतून एक चालते घड्याळ करायचे, जुनी तबकडी खरवडून तिच्यावर लाल, निळा, पोपटी रंग चढवायचा, नाव नव्याने छापायचे आणि ‘अस्सल जुने’ म्हणून परदेशी धाडायचे. अक्षरांच्या कडा जाड, आकडे किंचित वाकडे, तळाची ‘स्विस मेड’ ही अक्षरे गायब किंवा चुकलेली. एवढे पाहिले तरी ओळखू येते. पण राग कोणावर धरायचा, हे नीट ठरवले पाहिजे. ज्या काळात सुटे भाग आयात करता येत नव्हते, त्या काळात एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला बसवून लोकांची घड्याळे चालू ठेवणारे हेच हात होते. ते नसते तर आज जमवायला काही उरले नसते. दुरुस्ती हा गुन्हा नाही. दुरुस्त केलेले कोरे म्हणून विकणे हा आहे. आणि चांगली जुनी तबकडी केवळ डाग आहे म्हणून खरवडणे, ही माझ्या मते त्याहून मोठी हानी, कारण फसवणूक उघडकीला येऊ शकते, खरवडलेले परत येत नाही.

2016 च्या आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी पुन्हा सायखेडा-चांदोरीत शिरली. 2019 ला पूल पाण्याखाली होता, बाजारपेठ पाण्यात होती. त्या रात्री घरातून निघताना काकूने पहिल्यांदा कागदपत्रांची पिशवी उचलली आणि दुसऱ्यांदा हे घड्याळ. मोबाइल नंतर आठवला.

तुमच्या घरातही एखादे असेल. कपाटाच्या खणात, देवघराच्या फळीवर, आजीच्या डबीत. त्याला चमकवायला देऊ नका, तबकडी बदलू नका. बंद असेल तर ताकदीने चावी देऊ नका, आतले तेल वाळलेले असते. एखाद्या जाणत्या घड्याळजीकडून साफसफाई आणि ऑइलिंग करून घ्या आणि त्याला झाकणाच्या आत तारीख कोरायला सांगा. मग एका चिठ्ठीवर लिहा. कोणाचे, कधी घेतले, कोणत्या पैशातून घेतले, डाग कशाचा. जुनी पावती असेल तर तीही त्याच डबीत ठेवा. ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर विचारून घ्या.